नागपुरात छोटा फिल्म फेस्टिवल काढायचाय, सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला भाऊ, म्हणून उत्तर जरा मोठं होणार आहे. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं की तुम्ही सहा मित्र आहात, दोन शॉर्टफिल्म केल्या, बाहेरच्या फेस्टिवलांनी त्या घेतल्या नाहीत, म्हणून आता नागपुरात आपलाच स्वतंत्र सिनेमाचा फेस्टिवल सुरू करायचा. दीड लाख जमलेत, डिसेंबरात दोन दिवस, ५० फिल्म्स, १२ ट्रॉफ्या आणि उद्घाटनाला मुंबईचा एखादा ओळखीचा चेहरा. आणि विचारलंय की एन्ट्री कशा मिळवायच्या आणि स्पॉन्सर कुठे शोधायचे.

माझं काम साउंडचं. धरमपेठेत छोटा मिक्सिंगचा सेटअप आहे आणि गेली ११ वर्षं मी विदर्भातल्या छोट्या फेस्टिवलांमध्ये दोनच ठिकाणी बसते, सिलेक्शनच्या टेबलावर आणि प्रोजेक्शनच्या मशीनजवळ. स्टेजवरचं, हारतुऱ्यांचं मला फारसं माहीत नाही. जे सांगते ते या दोन खुर्च्यांवरून दिसलेलं आहे.

एन्ट्री मिळणं ही अडचणच नाही. फिल्मफ्रीवेसारख्या साइटवर फेस्टिवलचं पान उघडलं, फी शून्य ठेवली की महिनाभरात इराणपासून ब्राझीलपर्यंतच्या फिल्म्स येऊन पडतात, इतक्या की सहा जणांना बघून होत नाहीत. पण पाठवणारा येत नाही ना. शनिवारी सकाळी अकराला पहिला शो लागतो तेव्हा हॉलमध्ये नऊ माणसं असतात, त्यातली पाच आपलीच व्हॉलंटियर पोट्टी, एक चहावाला. मी हे पाहिलंय, एकदा नाही, चार-पाच वेळा. तेव्हा खरा प्रश्न हा आहे की दोन दिवस त्या खुर्च्यांवर कोण बसणार आणि तीच माणसं पुढच्या वर्षी परत काहून येतील. याचं उत्तर असलं तर बाकीचं जमतं, नसलं तर ५० काय ५०० फिल्म्स आल्या तरी उपयोग नाही.

आता तुम्हाला नेमकं काय हवंय त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. स्वतःच्या दोन फिल्म्स लोकांना दाखवायच्या असतील तर त्यासाठी फेस्टिवल काढू नका, एक संध्याकाळ हॉल घ्या, दोन्ही दाखवा, नंतर तासभर बोला, पंधरा-वीस हजारांत चांगलं होईल. नागपूरकरांना बाहेरचा सिनेमा दाखवायचा असेल तर फिल्म सोसायटी काढा. आपल्याकडे ही जुनी वाट आहे, सत्यजित राय अध्यक्ष होते ती फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज १९५९ साली झाली आणि तेव्हापासून देशभर लोक वर्गणी काढून सिनेमे बघत आलेत. पण विदर्भात फिल्म करणाऱ्यांना एकमेकांसमोर आणायचं असेल, म्हणजे गोंदियाच्या पोराने यवतमाळच्या पोरीची फिल्म पूर्ण बघावी आणि संध्याकाळी तिच्याशी वाद घालावा, तर मग फेस्टिवलच पाहिजे. तुमच्या लिहिण्यावरून तुम्हाला हेच हवंय असं मला वाटलं, म्हणून पुढचं त्याच हिशोबाने.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, वाईट वाटलं तरी. तुमच्या दोन फिल्म्स या फेस्टिवलच्या स्पर्धेत ठेवू नका. स्पर्धेबाहेरही पहिल्या वर्षी नको. सिलेक्शनला बसलेल्या माणसाची, त्याच्या भावाची, त्याच्या एडिटरची फिल्म यादीत दिसली की ती बातमी अमरावतीपर्यंत जायला एक दिवस लागतो आणि मग चांगली माणसं तुमच्याकडे काहीच पाठवत नाहीत. आम्ही एका वर्षी ही चूक केली होती, एकच फिल्म होती आणि ती खरंच चांगली होती, तरी तीन वर्षं लोक तेच बोलत राहिले.

आता मी जिथे बसते तिथली गोष्ट. आमच्या फेस्टिवलचं दुसरं वर्ष होतं. दारव्ह्याकडच्या एका पोराची २४ मिनिटांची फिल्म होती, दोन भाऊ आणि एक विहीर, बस एवढंच. त्याने गावातल्याच दोघांना घेऊन केली होती आणि ते दोघं आणि त्याची आई पहाटेची एसटी पकडून आले होते, पहिल्या रांगेत बसले. फिल्म सुरू झाली. पाऊस ऐकू येतोय, मोटरपंप ऐकू येतोय, रातकिडे अगदी सुंदर, आणि दोन्ही भाऊ तोंड हलवताहेत पण शब्द नाही. प्रेक्षकांना वाटलं दिग्दर्शकाची स्टाइल असेल, कोणी काही बोललं नाही. मला अर्ध्या मिनिटात कळलं काय झालंय ते. पोराने पैसे साठवून मुंबईत नीट ५.१, म्हणजे सहा चॅनलचा, मिक्स करून घेतला होता, त्यात संवाद सगळे मधल्या सेंटर चॅनलला असतात, आणि आमच्या हॉलमध्ये लॅपटॉपमधून फक्त डावा आणि उजवा स्पीकर चालू होता. म्हणजे त्याने जास्त खर्च करून जास्त चांगलं काम केलं आणि त्याचीच फिल्म आम्ही मुकी केली.

थांबवली, माफी मागितली. त्याच्याकडे स्टीरिओ, म्हणजे फक्त डाव्या-उजव्या चॅनलची, फाइल नव्हती, एका जुन्या कटचा पेन ड्राइव्ह होता ज्याच्यावर वर टाइमकोड, म्हणजे वेळेचे आकडे, पळत होता, तो शेवटी रात्री नऊला सगळ्यांच्या नंतर दाखवला, तोवर त्यांची परतीची गाडी गेली होती. त्याची आई मला म्हणाली, "आवाज नव्हता तरी मले समजलं व माय, पण बाकीच्यायले कसं समजन?" मला ते वाक्य अजून जात नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे, प्रत्येक फाइल त्याच हॉलमध्ये, त्याच मशीनवर, आदल्या दिवशी लावून बघायची. पूर्ण बघायला वेळ नसतो, पण पहिली दोन मिनिटं, मधला एक संवादाचा सीन आणि शेवटचं एक मिनिट एवढं बघायचंच, आणि बघताना एकाने मागच्या रांगेत जाऊन बसायचं कारण मशीनजवळ सगळं छानच ऐकू येतं. दोन दिवसांच्या फेस्टिवलला अख्खा एक दिवस यात जातो. म्हणून तुमच्या बजेटमध्ये हॉलचं भाडं दोन दिवसांचं नाही, तीन दिवसांचं धरा. पैसे कमी पडले तर फिल्म्स कमी करा, हा दिवस कमी करू नका.

हॉल निवडताना लोक खुर्च्या मोजतात. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह बघून छाती फुगते, पण दीडशे माणसं त्यात हरवून जातात आणि हॉल रिकामा वाटला की बोलायलाही कोणी उठत नाही. शंभर-दीडशेची जागा बघा, कॉलेजचं ऑडिटोरियम असेल तरी चालेल. तिथे दुपारी दोन वाजता जा आणि दिवे बंद करून पडद्याकडे बघा. नाटकाचे आणि भाषणाचे हॉल अंधारासाठी बांधलेले नसतात, वर झरोके असतात आणि दुपारच्या शोला पडदा धुतल्यासारखा पांढरा दिसतो. आम्ही गांधीबागेतून काळं कापड थान घेऊन आलो होतो, तीन जणांनी शिडी लावून झरोके झाकले, तेच कापड अजून वापरतो. आणि सर्वात मधल्या खुर्चीवर बसून टाळी वाजवून बघा, टाळीचा आवाज मागे घुमत राहिला तर त्या हॉलमध्ये वऱ्हाडी संवाद कोणाला कळणार नाहीत, मग सिनेमा कितीही चांगला असो. अशा वेळी खाली सतरंज्या, भिंतीला जाड पडदे, आणि स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना कानाच्या उंचीवर, छताजवळ टांगलेले नकोत.

फाइलचं बोलायचं तर मल्टिप्लेक्सचा स्क्रीन घेत असाल तर तिथे डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी फाइल, लागेल, ती डीसीपी-ओ-मॅटिक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर घरी बनवता येते, फक्त सेकंदाला २५ फ्रेमवर शूट केलेल्या फिल्म्स असतात त्यांच्याकडे लक्ष द्या कारण थिएटरची सवय २४ ची, आणि बनवलेली डीसीपी आधी त्या थिएटरच्या सर्व्हरवर चढते का ते बघा. साधा हॉल आणि प्रोजेक्टर असेल तर प्रत्येकाकडून स्टीरिओ आवाज असलेली फाइल मागा आणि तसं फॉर्मवरच ठळक लिहा. ५.१ ही मागवून ठेवा, पण स्टीरिओ नसेल तर फिल्म शेड्यूलमध्ये टाकू नका. सबटायटलचाही विचार करा. आपल्याकडे गोंडी, कोरकू बोलणाऱ्या भागांतून फिल्म्स येतात, लोक इंग्रजी सबटायटल टाकून पाठवतात कारण बाहेरच्या फेस्टिवलांना तेच लागतं, पण नागपूरच्या हॉलमध्ये बसलेल्या आजोबांना मराठी सबटायटल पाहिजे. आम्ही दरवर्षी अशा दोन-तीन फिल्म्सची मराठी सबटायटल स्वतः बसून करतो आणि फाइल दिग्दर्शकाला भेट देतो. मला यातून जितकी माणसं जोडली गेली तितकी कुठल्याच पोस्टरने जोडली नाहीत.

परवानगीचं लवकर हातात घ्या. सेन्सॉरचं सर्टिफिकेट नसलेली फिल्म लोकांसमोर दाखवायची तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली ती मिळते. त्यासाठी फिल्म्सची यादी, प्रत्येकीचा सारांश आणि तुमच्या प्रीव्ह्यू कमिटीने बघून केलेली शिफारस लागते, म्हणजे सिलेक्शन आधी संपलेलं असलं पाहिजे, शेवटच्या आठवड्यापर्यंत एन्ट्री घेत बसता येत नाही. आणि प्रत्येक दिग्दर्शकाकडून दाखवण्याची लेखी परवानगी घ्या, ईमेल असली तरी चालेल. फिल्मवाल्यांनाही एक सांगून ठेवा, कारण नवीन पोरांना हे माहीत नसतं: फेस्टिवलला सूट मिळाली म्हणजे फिल्म सर्टिफाइड झाली असं नाही, राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायची तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतंच.

डिसेंबर मात्र सोडा. नागपुरात डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, मोर्चे, हॉटेलांचे भाव चढलेले, आमदार निवासापासून साध्या लॉजपर्यंत जागा नाही, आणि तुमचे बाहेरगावचे फिल्मवाले राहणार कुठे? दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, गाड्या भरलेल्या असतात आणि तुमचे अर्धे व्हॉलंटियर तिथे सेवेला असतात, असायलाच पाहिजेत. मे महिन्याबद्दल नागपूरच्या माणसाला मी काय सांगू. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वात बरा वाटतो. त्यात एक अडचण आहे, झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो, आणि आपल्या फिल्म्समधले कितीतरी चांगले नट तिथलेच आहेत, वडसा-देसाईगंजकडे रात्रभर नाटक करून पहाटे झोपणारी माणसं. त्यांच्या फिल्म्स दुपारी लावा, म्हणजे ते येऊन संध्याकाळच्या प्रयोगाला परत जाऊ शकतात. गेल्या वर्षी एक काका चेहऱ्यावरचा रंग अर्धवट पुसलेलाच आले होते, स्वतःला पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर बघायला, आणि फिल्म संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, माझा आवाज एवढा हळू काहून ठेवला? त्या दिग्दर्शकाने आणि मी मिळून अर्धा तास त्यांना समजावलं की कॅमेऱ्यासमोर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा नसतो, आणि समजावता समजावता आम्हालाच कळलं की त्यांचं थोडं बरोबर होतं, मिक्समध्ये संवाद दबलेलाच होता.

ट्रॉफ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बजेटमध्ये सगळ्यात मोठा आकडा त्यांचाच दिसतो, त्यानंतर पाहुण्याचा. बारा ट्रॉफ्या आणि पाहुण्याचं विमान-हॉटेल यात तुमचे निम्मे पैसे जातात. धरमशाला फेस्टिवल बघा, २०१२ पासून एका छोट्या डोंगरी गावात चालतो, तिथे स्पर्धाच नाही, आणि तरी देशभरातून लोक स्वतःच्या खर्चाने जातात कारण तिथे सिनेमे नीट दिसतात आणि करणारी माणसं भेटतात. तुम्हाला स्पर्धा ठेवायचीच असेल तर एक किंवा दोन बक्षिसं ठेवा आणि ती रोख द्या, कारण पुढच्या फिल्मला लागतात ते पैसे. बाकी जे वाचतील त्यातून विदर्भातल्या प्रत्येक निवडलेल्या फिल्मच्या एका माणसाची दोन रात्रींची राहण्याची सोय करा. हॉटेल नको, घरं शोधा. महाल, रामदासपेठ, प्रतापनगर, कुठेही, दहा-बारा घरांत एकेक माणूस राहिला की फेस्टिवल त्या घरांचाही होतो, आणि दुसऱ्या दिवशी ती काकू जेवणाचे डबे घेऊन स्वतः शो बघायला येते. त्या खुर्च्यांवर कोण बसणार याचं माझ्याकडे असलेलं हेच सगळ्यात पक्कं उत्तर आहे.

एन्ट्री फी घ्यायची की नाही यावर आमच्यातच वाद आहेत. माझं मत, विदर्भातल्यांना शून्य, बाहेरच्यांना थोडी, आणि फी घेतली तर नाकारलेल्या प्रत्येकाला दोन ओळींचं खरं कारण लिहून पाठवायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण करा. तुम्हीच लिहिलंय ना की नऊ ठिकाणांहून नकार आले आणि एकानेही कारण सांगितलं नाही. त्याचा राग तुम्हाला आहे, मग तुमच्या फेस्टिवलमध्ये ते घडू देऊ नका. आणि हल्ली फी घेऊन सगळ्यांनाच बेस्ट डायरेक्टर, बेस्ट डेब्यू अशी सर्टिफिकेटं मेलवर पाठवणारे पुष्कळ आहेत, तिथे एकही शो होत नाही. पोरांना पोस्टरवर फेस्टिवलची खूण म्हणून पानांची माळ लावायला मिळते आणि काही महिन्यांनी कळतं की फिल्म कोणीच बघितली नाही. तुमची यादी ५० ची असेल तर तीच वाट सुरू होते, कारण दोन दिवसांत ५० फिल्म्स दाखवून प्रत्येकीवर बोलायला वेळच उरत नाही. १८ ते २० घ्या. दोन-तीन फिल्म्सचा एक गट, मग २५ मिनिटं गप्पा, मग चहा. गप्पांमध्ये पहिला प्रश्न सूत्रसंचालकाने विचारायचा नाही, दुसऱ्या फिल्मवाल्याने विचारायचा, हे आधीच ठरवून त्याला सांगून ठेवायचं. "प्रेरणा कुठून मिळाली" या प्रश्नात दहा मिनिटं जातात, पण "तो विहिरीतला शॉट पोर्टेबल लाइटवर केला का" असं एखाद्या कॅमेऱ्यावाल्याने विचारलं की अख्खा हॉल पुढे सरकून ऐकतो.

नागपुरात काही होत नाही, आपल्याकडे कोण आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय ते मात्र मला मान्य नाही. 'कोर्ट' या मराठी सिनेमातले नट वीरा साथीदार याच शहरात राहत होते, इथल्या चळवळीत वाढलेला माणूस, आणि २०१४ मध्ये व्हेनिसला ती फिल्म गौरवली गेली. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात गावकऱ्यांना घेऊन झाला, २०२३ मध्ये टोरंटोला त्याला नेटपॅकचा, म्हणजे आशियाई सिनेमासाठीचा, पुरस्कार मिळाला आणि २०२५ मध्ये थिएटरात लागला. माणसं आहेत, गोष्टी आहेत, बोली आहे. फक्त ही माणसं एकमेकांना पुण्या-मुंबईच्या फेस्टिवलच्या लॉबीत भेटतात, सीताबर्डीला भेटत नाहीत. आमच्या फेस्टिवलला दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मिळून तर्री पोहे खायला जातो, कार्यक्रमपत्रिकेत हे छापलेलं नसतं, आणि मागच्या चार वर्षांत तिथे जुळलेल्या तीन टीमनी पुढे फिल्म्स केल्या. त्यातल्या एकीचा साउंड मी केला, पैसे न घेता, पुन्हाही करेन.

म्हणून माझा सल्ला, यंदा फेस्टिवल जाहीरच करू नका. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तीन शॉर्टफिल्म्स, ६० खुर्च्या, फुकट, नंतर चर्चा, असे सहा महिने करा. तुमच्या दीड लाखातले फार तर तीस-चाळीस हजार जातील. सहाव्या महिन्यात आपणहून येणारे ४० लोक तयार झाले तर फेब्रुवारीची तारीख काढा आणि त्या ४० जणांमधूनच सिलेक्शनला दोघं घ्या, त्यात एक तरी बाई असू द्या आणि एक तरी नागपूरबाहेरचा. नाही झाले तर अजून सहा महिने शनिवार चालू ठेवा, घाई कोणाला आहे. स्पॉन्सरही तेव्हाच शोधा, कारण भरलेल्या हॉलचा एक फोटो दाखवला की गल्लीतला किराणावालाही चहा-नाश्त्याचा खर्च उचलतो, आणि मोठ्या कंपनीच्या बॅनरपेक्षा असे दहा लोक परवडतात, ते तुम्हाला कोणती फिल्म दाखवायची ते सांगत नाहीत.

पहिल्या शनिवारसाठी हॉल बघायला जाल तेव्हा प्रोजेक्टरचा मॉडेल नंबर आणि स्पीकरच्या मागच्या कनेक्शनचा फोटो काढून इथे टाका, कोणत्या फाइल मागवायच्या आणि कोणती केबल न्यायची ते मी सांगते. शक्य असेल तर मीच आदल्या दिवशी येऊन आवाज लावून देईन, शुक्रवारी दुपारनंतर मोकळी असते.